अकराव्या रकान्यातला क्लच

घड्याळजींच्या वडिलांना एक्याऐंशीव्या वर्षी एकच गोष्ट हवी होती. आपली जुनी गाडी स्वतः चालवत गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायचं. मागणी अवाजवी नव्हती. त्यांचा डावा पाय तरुणपणीच अधू झाला होता आणि आपोआप गिअर बदलणाऱ्या पहिल्यावहिल्या गाड्यांपैकी ही एक, क्लच नसलेली, त्यांनी त्या पायासाठीच घेतली होती. बावीस वर्षं ती शेडमध्ये पडून होती. घड्याळजींनी तीन वर्षं खपून गिअरबॉक्स उघडला, झिजलेले पट्टे बदलले, तेलाची गळती थांबवली. नाकी नऊ आले, पण ते यंत्राचं काम होतं. यंत्राला समजावता येतं.

मग गाडी सरकारी तपासणीला नेली. निरीक्षकांनी दिवे, ब्रेक, हॉर्न पाहून खुणा केल्या आणि अकराव्या रकान्याशी थांबले.

"क्लच कुठाय?"

"या गाडीला नसतोच, साहेब."

"म्हणजे गहाळ आहे."

घड्याळजींनी गाडीची मूळ पुस्तिका दाखवली. पुस्तिकेवर शिक्का नव्हता. तेव्हा कंपनीचं पत्र आणायचं ठरलं. कंपनी बंद पडून चाळीस वर्षं झाली होती, तेव्हा ती बंद पडल्याचं पत्र आणायचं ठरलं. मात्र तेही कंपनीच्याच लेटरहेडवर हवं होतं. दोन महिन्यांनी निरीक्षकांनाच कणव आली. रकाना भरला की आपलं काम झालं, कसा भरला ते आपण विचारत नाही, असं त्यांनी घड्याळजींना बाजूला घेऊन सांगितलं.

घड्याळजींनी मिस्त्रीकडून डाव्या बाजूला एक पेडल बसवून घेतलं. ते स्प्रिंगवर खालीवर व्हायचं आणि कशालाही जोडलेलं नव्हतं. निरीक्षकांनी ते तीनदा दाबून पाहिलं आणि मऊ असल्याचं नमूद केलं. मग गाडी फाटकापर्यंत चालवून दाखवायची होती. निघताना घड्याळजी पेडल दाबायला विसरले, म्हणून नापास झाले. आठवडाभर त्यांनी अंगणात सराव केला. दुसऱ्या खेपेला 'क्लच : आहे' असं लिहून शिक्का मिळाला.

तो कागद घेऊन दोघे बाबांच्या परवान्याच्या नूतनीकरणाला गेले. तिथल्या डॉक्टरबाईंनी कागद पाहिला, मग बाबांचा डावा पाय, मग पुन्हा कागद. या पायाने क्लचची गाडी चालवणं जिवावर बेतेल, असं त्यांनी कळवळून सांगितलं. हिला क्लच नाहीच, बाबा म्हणाले. बाईंनी शिक्का दाखवला. बाबांनी मुलाकडे पाहिलं. क्लच नाही म्हटलं तर गाडी रद्द, आहे म्हटलं तर बाबा रद्द. घड्याळजींनी कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि दोघे परवान्याशिवाय घरी परतले.

शेवटी एका रविवारी गाडी घड्याळजींनीच बाहेर काढली. बाबा शेजारी बसले. इंजिन सुरेख चाललं होतं. गल्लीच्या टोकाला वळताना घड्याळजींचा डावा पाय आपसूक पेडलवर गेला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

"कशाला जोडलंय रे ते?" बाबांनी विचारलं.

"कशालाच नाही, बाबा."

"मग दाबतोस का?"

सवय झाली, घड्याळजी म्हणाले.

"दाब," बाबा म्हणाले. "दोन्ही पाय धड असलेल्या सगळ्यांनाच ती सवय असते."