तासाला एकतीस चुळबुळी

वजनमापं तपासणाऱ्या निरीक्षक साहेबांना मोजमापात हरवणारा अजून जन्माला यायचा होता! अख्खा बाजार त्यांना वचकून असे. पण परवा त्यांच्या आठ वर्षांच्या लेकीच्या, म्हणजे चिमणीच्या, शाळेतल्या बाईंनी बोलावून घेतलं.

"चिमणी वर्गात फार चुळबुळ करते हो! डॉक्टरांना दाखवा. आमच्या वर्गातल्या पाच जणांना गोळी सुरू झालीये, काय शहाण्यासारखी बसतात!"

दवाखान्यातून एक छापील तक्ता मिळाला. 'मूल जागेवरून उठते का? कधीकधी, वारंवार, सतत.'

साहेब भडकलेच! "वारंवार म्हणजे किती? एकक काय? असल्या मापावर पोरीला गोळी देऊ? मी स्वतः मोजतो!"

"अहो, पोर आहे ती," बायको म्हणाली. "उठणार, बसणार. सिमेंटचं पोतं आहे का?"

"तू मध्ये पडू नकोस. शास्त्र आहे हे!"

रविवारी सकाळी नऊच्या ठोक्याला चिमणीला गणितं देऊन टेबलाशी बसवलं. समोर साहेब, वही उघडून. पोरगी उठली की एक रेघ! पहिल्या दहा मिनिटांत सात रेघा झाल्या. थोड्याच वेळात पंधरा! साहेब खुर्चीतल्या खुर्चीत वळवळू लागले, पाय हलवू लागले, पेन चावू लागले. दहाच्या ठोक्याला एकतीस! बेरीज तीनदा करून पाहिली, तेवढीच. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. आपली हसतीखेळती पोर आजारी, आणि आपल्याला पत्ताच नाही!

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आकडा पाहिला आणि पेनाचं टोपण काढलं. "तासाला एकतीस? बाप रे! रोज सकाळी एक गोळी. सहा महिने तरी."

चिमणीचा चेहरा एवढासा झाला. ती आईला बिलगली. "पण मी काय केलं?"

"तू सारखी उठतेस ना, बाळ," डॉक्टर म्हणाले.

"बाबाच उठवत होते!"

"मी?" साहेब उडालेच.

"चष्मा आण म्हणालात. तो नव्हे, दुसरा. मग पाणी. मग पंखा वाढव, मग कमी कर. पेन चालत नाही, दुसरं आण. ते लाल होतं, निळं आण. मग फोन कुठे वाजतोय बघ..."

डॉक्टर बोटांवर मोजू लागले. दोन्ही हातांची बोटं संपली, चिमणीची यादी काही संपेना.

"असं एकोणतीस वेळा," ती शेवटी म्हणाली. साहेबांचीच लेक ती, तिनंही मोजलं होतं!

"आणि उरलेल्या दोन वेळा?"

"एकदा शू लागली. आणि एकदा विचारायला गेले, बाबा, आता मी बसू का?"

डॉक्टरांनी गोळीची चिठ्ठी फाडून टाकली. बायकोनं साहेबांकडे असं काही पाहिलं की त्यांना खुर्चीत बसवेना. चिमणीच्या डोक्यावरून हात फिरवत ते ओशाळून म्हणाले, "चुकलं हो बाळा माझं."

पण राहवतंय कुठलं!

"डॉक्टर, बेरीज मात्र बरोबर होती ना?"