हालून दाव!

हौसामावशीकडे ड्रेस शिवायला टाकला की आधी तिचं घर झाडावं लागतं. थट्टा नाही करत, लोणावळ्यात आमच्या गल्लीत येऊन कुणालाही विचारा. बँकेतल्या मॅडम असोत, नाहीतर कॉलेजच्या पोरी, सगळ्यांनी तिच्या हातून झाडू घेतलेला आहे.

तिची पद्धतच तशी. चांगल्या कापडाला कात्री लावण्याआधी ती जुन्या चादरीचा एक कच्चा ड्रेस शिवते. इथल्या हॉटेलांतून विटलेल्या चादरी निघतात, त्यांचे गठ्ठे तिच्या घरात छतापर्यंत गेलेत. गिऱ्हाइकानं तो चादरीचा अवतार अंगात घालायचा, कमरेवर हॉटेलचा शिक्का मिरवायचा, आणि मावशी फर्मावणार, "हालून दाव!" हलायचं म्हणजे घर झाडायचं, उकिडवं बसायचं, माळ्यावरचा डबा काढायचा. कुठं ओढतंय, कुठं दाटतंय ते बघत ती टाचण्या मारते, उसवते, पुन्हा हलायला लावते. तिचं समाधान झालं की त्या चादरीच्या तुकड्यांवरून खरं कापड बेतते.

"उबं ऱ्हाऊन समद्यांनाच बरं दिसतंय," ती म्हणते. "मानूस काय दिसभर उबाच ऱ्हातोय व्हय?"

हे म्हणताना तिची नजर समोर माझ्या दुकानाकडे असते. माझ्या दुकानात काचेमागे पुतळा आहे आणि तो दिवसभर उभाच राहतो.

हो, मीही शिवते. माझ्या दुकानाला पाटी आहे, मोठा आरसा आहे, गिऱ्हाइकाच्या डोक्यावर पंखा आहे. शिवाय मी सांगितलेल्या दिवशी ड्रेस देते. लोहगडवाडीहून लग्न होऊन इथं आलेल्या ह्या बाईकडे साधी पाटीसुद्धा नाही, आणि वेळेचं तर नावच काढू नका. तरी बायका तिच्या उंबऱ्यावर ताटकळत बसतात आणि माझ्याकडे येतात ते साडीला फॉल लावायला! फॉल लावता लावता मला ऐकवतात, "मावशींचा हात काही वेगळाच हं." माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. वर तिचं घर फुकटात लख्ख, ते वेगळंच.

माझ्या जिवाला एकच थंडावा होता. मावशीच्या स्वतःच्या ब्लाउजला पाठीत झोळ होता. एखाद्या ब्लाउजला नव्हे, सगळ्यांना. ती नळावर वाकली की मी मुद्दाम दारात येऊन तो झोळ डोळे भरून बघायची. साऱ्या गल्लीला हलवून बघणाऱ्या बाईच्या पाठीवर कापड पिशवीसारखं लोंबतंय, हे बघितलं की मला दुपारचं जेवण गोड लागायचं.

अशात माझ्या अनूचा साखरपुडा ठरला. तिचा ड्रेस मीच शिवणार, हे सांगायची गरजच नव्हती. गर्द जांभळं रेशमी कापड आणलं, रात्रंदिवस खपले. आरशासमोर पोरगी अशी दिसली की मीच दृष्ट काढली. अनू मात्र आरशात वळून वळून पाठ बघत होती. "आई, पाठीत जरा ओढतंय," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "नवं कापड आहे, होईल सैल."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं, समोर बघितलं आणि हातातली किल्ली खाली पडली. मावशीच्या घरात माझी अनू चादरीचा ड्रेस घालून झाडत होती. घरात कधी झाडूला हात न लावणारी पोरगी कोपरान् कोपरा झाडत होती! लेडीज टेलरची मुलगी साखरपुड्याचा ड्रेस दुसरीकडून शिवून घेते, हे पाहुण्यांत कळलं असतं तर मी पाटी उतरवून घरी बसले असते. पण खरं सांगते, पाटीपेक्षा पोरगी तिच्या दारात गेली, हेच मला जास्त झोंबलं.

तशीच तरातरा गेले. मावशी जराही दचकली नाही.

"आलीस? बरं झालं. तुझ्याच ड्रेसाचं चाललंय," ती म्हणाली. "पोरी, झाडू ठेव. आता नमस्कार कर."

"कुणाला?" अनूनं विचारलं.

"मला कर, आईला कर, मिशनीला कर! परवा समद्या पावण्यांच्या पाया पडायच्यात न्हवं? वाक!"

अनू वाकली. चादर पाठीत ताणली आणि काखेत टरकन उसवली. मावशीनं बाजूला ठेवलेल्या माझ्या ड्रेसवर हात ठेवला. त्याच मापाची चादर बेतली होती तिनं.

"हितं बग, रेखा. पाठीत कापड कमी पडतंय अन् काखेतला मुंढा खाली उतारलाय. चार पावण्यांच्या पुढं फाटलं असतं. पर शिलाईत कापड भरपूर दाबून ठिवलंयस, ते लय ग्वाड केलंस."

"मग करा की तुम्हीच नीट," मी फणकारले.

"मी कशाला? आईनं शिवल्यालं मी मोडाय कोन? ही धर कात्री."

तिच्याच मशीनवर बसले. पाठ उसवली, दाबलेलं कापड सोडलं, मुंढा वर घेतला. मावशी नुसती बोट दाखवत होती. अनूनं ड्रेस घातला आणि वाकून माझ्या पाया पडली. एक टाकासुद्धा कुरकुरला नाही. मग ती मावशीच्या पाया पडली, तेव्हा मात्र मला पुन्हा जरा जळजळलं.

अनू कपडे बदलून घरी पळाली. मी शिलाई किती झाली म्हणून विचारलं.

"शिलाई नगं. येवडं कर," म्हणत मावशीनं माझ्याकडे पाठ फिरवली. तो झोळ माझ्या नाकासमोर आला. "साखरपुड्याला याचंय मला. आपलं आपल्याला पाठीत टाचता येत न्हाई बग. आमचं मालक टाचायचं. दर बारीला सुई टोचायचं अन् माझ्या शिव्या खायचं. त्ये गेलं, तवापासनं त्येंनी टाचल्याल्या ब्लाउजावरनंच शिवते. तवा अंगानं भरल्याली व्हते."

मी तो झोळ चिमटीत धरून बघितला.

"तू परवा तुज्या दुकानात लेकीला टाचत व्हतीस," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "हितनं बघत व्हते मी. लय हेवा वाटला."

मी टाचण्यांची डबी घेतली. एका बाजूनं कापड आत घेतलं, मग दुसऱ्या. हातांखाली मावशीची पाठ अगदी वाळकी होती. झोळ गेला. मी म्हटलं, "हं, मावशी, आता हालून दावा."

मावशी हलली नाही.

"आजून येक टाच की," ती म्हणाली. "हितं वर."

तिथं काहीच टाचण्यासारखं नव्हतं. मी हात तिथंच ठेवला आणि सावकाश एक टाचणी लावली.