गयामावशीच्या दोरीवर

आमच्या शेजारच्या गयामावशीला सुटी वस्तू बघवत नाही. दिसली की ती बांधते. शेळ्या बांधते हे एक वेळ समजू शकतं, कारण तिच्या सहा शेळ्या आहेत आणि तिच्या घरात शेळ्या-मेंढ्या राखण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. पण ही बाई फाटक बांधते, नळाची तोटी बांधते, शेवग्याचं झाड भिंतीला बांधते. डोकं दुखलं की डोक्याला फडकं, गुडघा दुखला की गुडघ्याला फडकं. माझ्या स्कूटीचा आरसा जरा हलत होता, तो तिने मला न विचारता सुतळीने आवळून टाकला. पुढे वर्षभर मला त्यात मागचा रस्ता न दिसता स्वतःची हनुवटी दिसायची. "आवळून बांध, दम धरतंय" हे तिचं ब्रह्मवाक्य. एवढं सगळं बांधणाऱ्या या बाईला स्वतःचं तोंड मात्र कधी बांधता आलं नाही.

ती अंगणातून शेळीला हाक मारते तेव्हा केजच्या एसटी स्टँडवरची माणसं मागे वळून बघत असावीत. कोणाची सून रुसून वडवणीला माहेरी गेली, कोणाच्या पोराचं लग्न जमता जमता मोडलं, हे सगळं तिला आधी कळतं आणि तिच्यामागोमाग गल्लीला. मी शाळेत शिकवते. पंचवीस वर्षं मुलींना हळू बोलायला शिकवलं आणि भिंतीला भिंत लागून माझ्या नशिबी आली ही!

गेल्या वर्षी माझ्या डाव्या स्तनात गाठ निघाली. कॅन्सर. अंबाजोगाईला ऑपरेशन झालं आणि स्तन काढावा लागला. गल्लीत आम्ही पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन असं सांगितलं. खरं कळलं तर लोक आधी माझ्या तोंडाकडे बघतील, मग त्यांची नजर हळूच खाली घसरेल, आणि मग कुणीतरी "बिचारी" म्हणेल. मला मरणाची भीती वाटली, नाही असं नाही, पण त्या नजरेची जास्त वाटली. खड्यांवर गल्लीने लगेच विश्वास ठेवला. तीन घरांतून कुळथाचं पाणी आलं आणि ते मी निमूटपणे प्याले.

डॉक्टरांनी घालायला एक दाबाची बॉडी दिली होती. अंगाच्या रंगाची, रुंद पट्ट्यांची, पुढे हुकांची रांग. जखमेच्या जागी सूज चढू नये म्हणून ती रात्रंदिवस घालायची. दोन नग होते, एक अंगात, एक धुण्यात. हाताने धुवायची, पिळायची नाही, सावलीत वाळवायची. ती घालून आमच्याकडचा एप्रिल काढणं काय असतं, हे ज्याने तो पाहिलाय त्याला मी वेगळं काय सांगू? त्यात ती दोरीवर घालायची सोय नाही, कारण पित्ताशयाच्या ऑपरेशनला अशी वस्तू लागत नाही हे कोणीही ओळखलं असतं. मी ती न्हाणीघरातल्या खिळ्याला अडकवायचे. तिथे ती दमटच राहायची, वास यायचा आणि अंगावर पुरळ उठायचं.

घरी येऊन सहा दिवस झाले होते. मी खोलीत हुक लावत उभी होते आणि गयामावशी दार न वाजवता आत आली. दार वाजवणं तिला ठाऊकच नाही. मी पदर ओढेपर्यंत तिने सगळं बघितलं होतं. संपलं, असं मला वाटलं. ती जवळ येऊन वाकली आणि म्हणाली, "आगं माय! ही तर आमच्या शेळीच्या कासंला बांधायची पिशवी!"

करडांनी सगळं दूध पिऊन टाकू नये म्हणून शेळीच्या कासेला कापडी पिशवी बांधतात. बी.एड. करून, पंचवीस वर्षं नोकरी करून मी शेवटी शेळीच्या रांगेत जाऊन बसले.

"मावशी, हे डॉक्टरांनी दिलंय."

"डाक्टरला काय कळतंय आवळण्यातलं? बोट जातंय की आत! जखम हाय ना? मग आवळून बांध, दम धरतंय."

मी नको नको म्हणेपर्यंत तिने जुन्या लुगड्याची पट्टी आणून बॉडीवरून काखेपर्यंत चार वेढे दिले आणि पलंगाला गुडघा टेकवून गाठ मारली. सांगायला लाज वाटते, पण मी ती दोन दिवस ठेवली. सुशिक्षित माणूस घाबरला की कोणाचंही ऐकतो. तिसऱ्या दिवशी डाव्या हाताच्या बोटात अंगठी रुतली. अंबाजोगाईला गेलो तर डॉक्टरांना ती गाठ सुटेना, कात्री मागवावी लागली. "दाब सारखा आणि मोजून द्यायचा असतो बाई, असा आवळला की हाताचं पाणी अडतं," ते म्हणाले, आणि त्यांनी हातालाही मनगटापासून काखेपर्यंत तशीच दाबाची बाही दिली. ती दिवसभर घालायची.

घरी येऊन मी मावशीला फैलावर घेतलं, तेही कुजबुजत, कारण भिंतीपलीकडे गल्ली होती. "मी शेळी नाही, मावशी! आणि एक शब्द बाहेर गेला तर जन्मात तुमचं तोंड बघणार नाही."

ती खाली मान घालून उभी राहिली. मग म्हणाली, "चुकलंच माझं. कसं चढवायचं ते दाव मला येकदा."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सातला ही हजर. बाही एका हाताने चढत नाही. सुरकुती पडली की तिथेच हात काचतो. मावशी मनगटापासून ती इंच इंच वर सरकवायची आणि तोंडाने शेळ्यांची, सुनांची, साऱ्या तालुक्याची उणीदुणी सांगत राहायची. जाताना न्हाणीघरातली ओली बॉडी पदराखाली घालायची. "वास मारायलाय. दे हिकडं." संध्याकाळी ती बॉडी कोरडी होऊन यायची. तिला साबणाचा वास असायचा आणि थोडासा शेळ्यांचाही.

मी रोज धास्तीत असायचे, आज ना उद्या हिचं तोंड सुटणार. महिना गेला, दोन गेले, कुणाची नजर घसरली नाही. माझ्या धमकीला घाबरली बाई, अशी मी स्वतःची पाठ थोपटून घेतली.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. लांब बाह्यांच्या ब्लाउजखाली दाबाची बाही खपून गेली. एका संध्याकाळी गिरणीत दळण घ्यायला गेले तर गल्लीतल्या दोघी बोलत होत्या.

"गयाबाईचं बघितलं का? या वयात शहरातली बाडी घालायली. रोज दोरीवर लटकतीया."

"नवरा मरून बारा वर्सं झाली. आता कुणाला दावायचीय?"

"म्या इचारलं की तोंडावर. म्हणली, माझी हाय, मला लागती. तुमच्या पोटात कावून दुखायलंय?"

दोघी हसल्या. मग एक माझ्याकडे वळली. "बाई, तुमच्या भिंतीलाच तिची दोरी हाय. तुमी कसं बघताव रोज?"

आणि मी हसले. ती बॉडी त्या क्षणी माझ्या अंगात होती, आणि मी त्या दोघींबरोबर हसले. पिठाचा डबा घेऊन घरी येईपर्यंत मला माझीच किळस आली.

सकाळी मी उजव्या हाताने बॉडी धुतली आणि फाटकाजवळच्या आमच्या दोरीवर, रस्त्यावरून दिसेल अशी घातली. सातला मावशी आली ती ओरडतच. "आगं ए, काढ ते! लोकं बघत्यात की!"

"बघू दे. माझी आहे."

ती दोरीकडे बघत राहिली. मग पायरीवर बसली आणि मी तिच्याकडून कधीच न ऐकलेल्या बारीक आवाजात म्हणाली, "मंग आता मी सकाळची येऊ नगं का?"

तिचा मुलगा पुण्याला असतो. बोलायला घरात सहा शेळ्या. हे मला बारा वर्षं माहीत होतं, पण मी तिच्या आवाजाला नावं ठेवण्यात गुंतले होते.

मी तिच्याशेजारी बसून डावा हात पुढे केला. "बाही कोण चढवणार? मला एकटीला येत नाही."

तिने पदराला हात पुसले आणि मनगटापासून सुरुवात केली. बाही कोपरापर्यंत आली तेवढ्यात गिरणीतल्या त्याच दोघी फाटकापाशी येऊन थबकल्या. आधी त्यांनी दोरीकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे, मग छातीकडे. मावशी चटकन उठली आणि माझ्यापुढे आडवी उभी राहिली.

"सरका मावशी," मी म्हणाले. "बघू दे त्यांना."

ती काही सरकली नाही.