शांतारामभाऊंची मागची खोली

"शांतारामने मागच्या अंगणात खोली काढलीय. खिडकी, मोरी, खाली लादी. पानी बारा महिने! आणि खरी गंमत तर पुढेच. ती खोली आहे—"

इथे बस थांबली आणि भाजीची पाटी सावरत सालोमी उतरून गेली. मागच्या सीटवरून पुढे काढलेली शत्रुघ्नभाऊंची मान तशीच राहिली. (मान पुढे काढायची त्यांना सवय होती. दुसऱ्यांचं बोलणं आपल्यापर्यंत येत नसेल, तर आपण त्याच्यापर्यंत जावं, हा त्यांचा साधा स्वभाव.)

उरलेलं अर्धं त्यांनी स्वतःच पूर्ण केलं. आपल्या वसई-विरारात माणूस अंगणात चार भिंती उभ्या करतो, ते भाड्याने द्यायला. दुसरं कारण अजून कुणाला सुचलेलं नाही.

आणि शत्रुघ्नभाऊंना खोली हवीच होती. त्यांची मुलगी खुशी राहायची फुलपाड्यात, तिसऱ्या मजल्यावर. चार महिन्यांचं बाळ आणि पाणी दिवसाआड. जावई दीपेश ताठ. "घरजावई होणार नाही. शेजारी जागा बघा, उद्या येतो," म्हणायचा. इकडे कृष्णाबाई रोज सुनवायची, म्हणजे नवऱ्याला सुनावायची, "पोर दुपट्यांसाठी पानी तिसऱ्या माळ्यावर चढवते, आन् तुमी कंपाउंडला कोपरं टेकून लोकांची अंगनं बघता!"

त्या दिवशी मात्र ती कोपरं कामी आली. भिंतीपलीकडे खरंच खोली! वर कौलं, खिडकीला जाळी, समोर गोल तळं, काठाने कर्दळ, हिरवंगार लॉन. शांतारामभाऊ वाकून तळ्याला दगड लावत होते.

"शांतारामभाऊ, झकास हो! आमच्या खुशीला आणून दाखवू का?"

"विचारता काय? रविवारी आणा, बाळालाही आणा. सगळी त्याच दिवशी येतायत."

"सगळी? म्हणजे... किती?"

"दहा."

शत्रुघ्नभाऊंनी भिंतीवरची कोपरं उचलली. एका खोलीला दहा गिऱ्हाइकं! घरी येऊन त्यांनी फोन लावला. "दीपेशराव, आजच घरमालकाला सांगा, जागा सोडतो म्हणून. ज्याचं सामान आधी आत, त्याची खोली!"

रविवारी सकाळी आठला टेम्पो दारात. फ्रिज सगळ्यात पुढे. शांतारामभाऊ कुठे दिसेनात, म्हणून शत्रुघ्नभाऊंनी स्वतःच फाटक उघडलं.

"समोर तळं! लेक व्ह्यू आहे, पप्पा," दीपेश पहिल्यांदाच खुशीत आला. फ्रिज आत ठेवून म्हणाला, "बांबूपण लावलेत आडवे. कपडे वाळत घालायला बरे. पण एवढा पेंढा कशाला?"

इतक्यात मीरावहिनी आरतीचं ताट घेऊन आल्या आणि फ्रिज बघून जागच्या जागी थिजल्या. त्यांच्या मागून शांतारामभाऊ, दोन्ही हातांत करंड्या. करंड्या उघडल्या. सहा कोंबड्या, चार बदकं. बदकं सरळ तळ्यात. एक कोंबडी फ्रिजवर.

"हे काय?" शत्रुघ्नभाऊंनी विचारलं.

"हे काय म्हणजे? आमचा खुराडा! तुमचा फ्रिज काय करतोय त्यात?"

"खुराड्याला मोरी असते?"

"अहो, मी गवंड्याला मोबाइलवर फोटो दाखवला होता," शांतारामभाऊ कळवळून म्हणाले. "पण आमचा ऑगस्टीन! तीस वर्षं भाड्याच्या खोल्या बांधलेला माणूस. म्हणाला, 'टेन्शन नको, साहेब.' मी चार दिवस गावी गेलो, तर मोरी, ओटा, मीटरची जागा... दाराला नंबरसुद्धा टाकून गेला!"

फुलपाड्याला फोन केला, तर तिथे नवीन भाडेकरूचं दूध उतू जाऊन शुभशकुनही झाला होता.

तेव्हा सामान शत्रुघ्नभाऊंच्याच दोन खोल्यांत शिरलं. "जागा मिळेपर्यंतच हं," असं दीपेश तिसऱ्यांदा पोहे घेताना म्हणाला. कृष्णाबाई नातवाला न्हाऊमाखू घालताना गाऊ लागली. वर्षभरात ती नवऱ्यावर एवढी खूश नव्हती. फक्त त्याला ठेवायला जागा नव्हती. त्याच्या खाटेच्या जागी वॉशिंग मशीन आलं. बाळ दुपारी झोपतं म्हणून खोकायलाही बंदी.

म्हणजे बातमी तशी खोटी नव्हती. खोली होती. पाणी बारा महिने होतं, त्यात बदकं होती एवढंच. (लॉन मात्र त्यांनी दोन दिवसांत संपवलं.) आणि पेंढा उबदार, जाळीतून वारा छान. जेवण झालं की शत्रुघ्नभाऊ हळूच तिकडे जाऊन आडवे व्हायचे.

एक दिवस जरा जास्तच डोळा लागला. दिवेलागणीला बाहेरून मीरावहिनींचा आवाज आला, "अहो, सगळी आत आली का मोजा. कडी लावते."

शांतारामभाऊंनी खिडकीतून डोकावून मोजलं.

"सहा कोंबड्या, चार बदकं, एक शत्रुघ्नभाऊ. लाव कडी."