केबिनची रंगीत तालीम

"आठवडाभर दे मला. मग तू स्वतः बिबट्याच्या मिशीला गाठ मारून येशील!" रेवतीने नवऱ्याला छाती ठोकून सांगितलं.

नवरा, म्हणजे कृणाल, माहुलच्या कोळीवाड्यात वाढलेला गडी. पोरवयात बापाबरोबर भर उधाणात होडीवर गेलेला. पण नोकरीपायी मुलुंडला डोंगराच्या कुशीत राहायला आला आणि पार ढेपाळला. डोंगराकडची खिडकी तो दिवसाही उघडू देत नसे.

"समुद्रातलं जे काय असतं ते खाली असतं," तो म्हणायचा. "जंगलातलं मागून येतं!"

रेवती गडचिरोलीकडची. तिच्या माहेरी परसात मोर कोंबड्यांसारखे हिंडत. तिला जायचं होतं मुरबाडच्या पुढे, सह्याद्रीच्या पायथ्याशी, नदीच्या काठावरच्या लाकडी केबिनमध्ये. पुढे ओसरी, खाली पाणी, मागे डोंगर. लग्नानंतरची पहिलीच धड सुट्टी! सासूबाई पुतळाबाई तर एका पायावर तयार. "नदीचं मासं खाऊन बघू गो, कसं लागतंय," म्हणून त्यांनी मसाला कुटायलाही घेतला. अडून बसला होता फक्त कृणाल.

"तिथे संध्याकाळ झाली की आवाज येतात म्हणे."

"कसले?"

"तेच तर कळत नाही ना!"

मग रेवतीने ठरवलं, आवाजांचीच सवय लावायची. रोज संध्याकाळी चहाबरोबर फोनवर जंगलातले आवाज. सुरुवात बेडकांनी झाली. ते कृणालने दोन बिस्किटांबरोबर पचवले. रातकिडेही सोसले. घुबडाला मात्र चहा शर्टावर गेला. आणि शनिवारी आला शेवटचा पेपर. बिबट्या!

"फोनच्या चिमूटभर आवाजात काय मजा?" असं म्हणत रेवतीने कपाटातला छोटा स्पीकर काढला आणि फोनवरचं बटण दाबलं. फोन म्हणाला, जोडलं. कशाला जोडलं, हे विचारायचं तिला सुचलं नाही, आणि तिथेच वाट लागली! कारण सकाळीच तिने सोसायटीच्या बागेत बायकांना झुंबा शिकवला होता. बागेतला कमरेएवढा स्पीकर जास्वंदीच्या झुडपामागे चालूच राहिला होता, आणि तिच्या फोनला तो अजून विसरला नव्हता. रेवतीचं घर पहिल्या मजल्यावर, बागेच्या बरोब्बर वर.

खिडक्या घट्ट बंद, एसी चालू, कृणाल उशी पोटाशी धरून बसलेला. रेवतीने बिबट्या लावला.

"येतोय आवाज?"

"नाही," कृणाल खुशीत म्हणाला.

"थांब, वाढवते." तिने आवाज निम्म्यावर नेला. मग पाऊण. मग पूर्ण!

"जरा घरघर येतेय," कृणाल कान टवकारून म्हणाला.

"तो एसी. सर्व्हिसिंगला आलाय."

खाली बागेत काय झालं ते विचारू नका! बाकावर बसलेली सगळी ज्येष्ठ मंडळी, गुडघेदुखी विसरून, तरण्याताठ्यांच्या आधी लिफ्टमध्ये पोचली. रेवतीच्या फोनवर सोसायटीच्या ग्रुपचे मेसेज लाह्यांसारखे फुटायला लागले. बागेत बिबट्या!!! मुलांना आत घ्या!!! पाठोपाठ जिन्यातून सेक्रेटरी श्यामकांत काकांचा आवाज आला, "मी स्वतः बघितलाय! पिवळाजर्द! शेपटी म्हणजे बागेतल्या नळीएवढी!"

रेवतीच्या अंगावर काटा आला. कृणाल तर क्षणात पलंगाखाली.

"बघ!" तो खालून ओरडला. "आपण जंगलात जायची वाट नाही बघितली त्याने! तोच आला न्यायला!"

रेवतीने घाईघाईने बिबट्या बंद केला. लगेच ग्रुपवर आलं, 'गप्प झालाय. दबा धरून बसला असणार!'

"रेवती, माझं डोकं फुटेल गं!"

"थांब, नदी लावते. नदीने मन शांत होतं." नदीही ऐकू येईना. स्पीकरच बिघडला म्हणून तिने फोन पलंगावर टाकला. पण खाली मात्र नदी दुथडी भरून वाहायला लागली!

'पाण्याचा पाइप फोडला त्याने!' ग्रुप किंचाळला. वॉचमनने धावत जाऊन सोसायटीचं पाणीच बंद केलं. चौथ्या मजल्यावरून, डोक्याला शांपू लावलेल्या कोणीतरी अशी आरोळी ठोकली की तिलाही लोक बिबट्याच समजले.

एवढ्यात जाळी, काठ्या आणि भलामोठा पिंजरा घेऊन वनखात्याची माणसं आली. त्यांच्या साहेबांनी, तमाशा बघायला पुन्हा खाली उतरलेली गर्दी गेटपर्यंत मागे सारली. "कोणी आत जायचं नाही! एकदम शांतता!"

नेमक्या तेव्हाच बाजारात मासळी विकून पुतळाबाई रिकामी पाटी घेऊन परतल्या. गेटावर अडवल्यावर त्या भडकल्या आणि त्यांनी सुनेला फोन लावला.

वर रेवतीने फोन कानाला लावला. काहीच ऐकू येईना. आणि खाली, साहेबांच्या माणसांनी काठ्या सरसावल्या असताना, जास्वंदीचं झुडूप गरजलं,

"काय गो रेवती! कवाची उभी हाय मी गेटावर!"

सगळे जागच्या जागी थिजले.

"बोलतोय!" श्यामकांत काका कुजबुजले. "बाईच्या आवाजात बोलतोय!"

"तो आमचा कृणाल पलंगाखाली शिरला असंल बघ," झुडूप पुढे म्हणालं. "त्याला पयला भायेर काढ! आन त्या श्यामकांताचं काय घेऊन बसली! चष्म्याबिगर त्याला लिफ्टचं बटन दिसत नाय, त्याला बिबट्या कुठशी दिसला?"

श्यामकांत काकांचा चेहरा पडला. एवढ्यात पहिल्या मजल्यावरची खिडकी उघडली. रेवती बाहेर वाकून जिवाच्या आकांताने ओरडत होती, "हॅलो? आई? आवाज येत नाहीये! आत येऊ नका, बिबट्या आहे!"

सगळ्या माना वर गेल्या. मग झुडपाकडे. मग पुतळाबाईंच्या हातातल्या फोनकडे. पुतळाबाई फोनमध्ये सावकाश म्हणाल्या, "हॅलो."

"हॅलो," झुडूप म्हणालं.

पाटी काखेत मारून त्या तरातरा गेल्या, फांद्या बाजूला केल्या आणि स्पीकरला दोन थपडा दिल्या.

रेवती खाली आली तेव्हा तिला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं होतं. साहेबांनी टोपी काढून घाम पुसला. "मॅडम, बिबट्या कुठाय?"

"फोनमध्ये," ती पुटपुटली.

"मग पिंजरा परत नेतो. फोनला तो मोठा होईल." हसू दाबता दाबता साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी अर्धा तास झापलं, ते वेगळं.

रेवती घरी येऊन मुसमुसत बसली. सुट्टी गेली, लाजही गेली. कृणाल पलंगाखालून बाहेर आला. त्याच्या केसांत जळमटं होती. तो तिच्याकडे बघत राहिला आणि अचानक खदाखदा हसायला लागला. हसता हसता जमिनीवरच बसला.

"बॅग भर," तो म्हणाला.

"खरंच? आणि भीती?"

"अगं, आईने सगळ्या सोसायटीला सांगितलंय मी कुठे शिरलो होतो! आता जंगलातल्या बिबट्यापेक्षा लिफ्टमधल्या शेजाऱ्यांची भीती जास्त आहे. चल, पळ!"

आणि ते गेले! नदी झकास होती. कृणालने गुडघाभर पाण्यात उभं राहून मासे धरले, पुतळाबाईंनी ते चुलीवर तळले, समुद्राची सर नाही म्हणून नावं ठेवली आणि सगळ्यात जास्त त्यांनीच खाल्ले. रेवतीला वाटलं, जिंकलो बाबा!

तेवढ्यात केबिनची राखण करणारा बळवंत सरपण घेऊन आला.

"मुंबईत कुठं राहता, ताई?"

"मुलुंडला."

बळवंतच्या हातातली लाकडंच पडली. "आरं देवा! तो माणसागत बोलणारा बिबट्या तुमच्याकडलाच ना? इडिओ आलाय आमच्या ग्रुपवर! आमच्या पोरांना चार दिस झाले, एकटी नदीवर जात नाहीत!"

कृणाल शांतपणे माशाचा काटा काढत राहिला. रेवतीने पदर नव्हता म्हणून ओढणी तोंडावर घेतली.

"दार नीट लावून घ्या बरं का," बळवंत घाईने निघत म्हणाला. "तुमच्या मागावर यायचा!"