तय्यब सरांना कायम करावे काय

कोणत्याही संस्थेत कायम पदावरची माणसं येतात आणि जातात; कायम राहतो तो फक्त प्रभारी. हा नियम सरकारी कचेऱ्यांपुरताच आहे असं लोक समजतात. पण उदगीरच्या भुईकोट फुटबॉल क्लबने तो खेळालाही यशस्वीपणे लागू करून दाखवला आहे. (क्लबचं नाव किल्ल्यावरून ठेवलेलं आहे. किल्ल्याचे बुरूज अजून सरळ उभे आहेत. क्लबच्या गोलखांबांबद्दल तसं म्हणता येणार नाही.)

क्लबचे प्रभारी व्यवस्थापक म्हणजे तय्यब सर. चौबाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं गाद्या-रजयांचं दुकान. तरुणपणी ते क्लबकडून बचावफळीत खेळायचे, गुडघा गेला तेव्हा प्रशिक्षक झाले. पुढे क्लबचे कायम व्यवस्थापक मेव्हणीच्या लग्नाला म्हणून हैदराबादला गेले आणि तिकडेच रमले, तेव्हा ‘साहेब येईपर्यंत’ या बोलीवर व्यवस्थापनही सरांकडे आलं. त्या मेव्हणीची मुलगी आता कॉलेजात आहे.

प्रभारी व्यवस्थापकाची कर्तव्ये अशी: मैदानावर चुन्याच्या रेघा मारणे, मैदानावर जनावरांचा बाजार भरला की दुसऱ्या दिवशी ते खेळण्यालायक करणे (तपशील देत नाही), गोलाच्या फाटक्या जाळ्या गादीच्या सुईने शिवणे, बाहेरगावचा संघ मुक्कामाला आला तर त्याला दुकानातल्या विकायच्या गाद्यांवर झोपवणे. पाहुणे झोपून गेलेल्या गाद्या नव्या म्हणून विकायला सरांना लाज वाटे, म्हणून ते त्या घरी नेत. सरांच्या घरात माणसं तीन आणि गाद्यांचा ढीग छताला टेकलेला. खेळ शिकवणं हे कर्तव्य कुठे ठरवून दिलेलं नव्हतं. ते सर वेळ मिळेल तसं करायचे.

यंदा त्यांना जरा जास्त वेळ मिळाला असावा, कारण अंतिम सामन्यात क्लबने थेट लातूरला हरवलं. उदगीर जिल्हा व्हायचं तेव्हा होईल, जिल्ह्याचा कप तर आला, म्हणून लोकांनी सरांना खांद्यावर घेऊन मिरवलं. क्लबच्या अंदाजाप्रमाणे गावातल्या नव्वद टक्के लोकांचं म्हणणं पडलं की आता तय्यब सरांना कायम करा. उरलेले दहा टक्के समितीवर होते.

तरी समितीने विषय टाळला नाही. अध्यक्ष महादेवप्पांच्या दाळ मिलच्या कचेरीत खास बैठक बोलावली. सरांना आजवर कायम व्हावं असं फारसं कधी वाटलं नव्हतं. पण त्या दुपारी हसीनाने, म्हणजे त्यांच्या बायकोने, न सांगता त्यांचा पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवला. तो अंगात घालताना सरांच्या लक्षात आलं की आपल्याला ते लई दिवसांपासून हवं आहे.

बैठक सुरू झाली. महादेवप्पा म्हणजे मनाने मोठा माणूस. ते म्हणाले, “तय्यब सर म्हंजे आपल्या घरचा माणूस. त्यांच्यासारखा निष्ठावान माणूस दिवा घेऊन हुडकला तरी घावायचा न्हाई.”

सचिव भीमाशंकर सर फिजिक्सचे क्लास घेत असल्यामुळे त्यांना प्रत्येक गोष्ट पायरीपायरीने सिद्ध करायची सवय होती. ते म्हणाले, “बरोबर. आता माणसाला कायम का करतात? तो सोडून जाऊ नये म्हणून. तय्यब सर निष्ठावान आहेत, म्हणजे ते जाणार नाहीत. जो जाणारच नाही त्याला कायम करणं म्हणजे पद वाया घालवणं. कायम पद अशालाच द्यावं, ज्याचा भरवसा नाही.”

बाकीच्यांनी पायऱ्या मनात पुन्हा मोजून पाहिल्या. युक्तिवादात कुठेच फट सापडत नव्हती.

“शिवाय,” भीमाशंकर सर म्हणाले, “सरांना कायम केलं आणि पुढंमागं ते गेले, तर प्रभारी कोण? आजवर प्रभारी तेच होते.”

हा मुद्दा तर सरांनाही पटला. ते मान डोलावून बसले, आणि मग आपण कशाला मान डोलावली ते आठवून खाली बघू लागले.

ठराव एकमताने मंजूर झाला. सरांना शाल, श्रीफळ आणि ‘कायमस्वरूपी प्रभारी’ ही पदवी देण्यात यावी; कायम व्यवस्थापक बाहेरून आणावा; आणि त्याला उतरवून घ्यायला स्टेशनवर तय्यब सरांनीच जावं, कारण क्लबचा अनुभव त्यांनाच जास्त.

घरी हसीनाने शाल उलटीपालटी करून पाहिली.

“कायमस्वरूपी प्रभारी म्हंजे काय वो?”

सरांनी बराच विचार केला. “म्हंजे... नेहमीसाठी तात्पुरता.”

“अजी, लग्नात काझीनं असं काही वाचलं असतं तर मी तिथंच उठले असते,” हसीना म्हणाली, आणि दोघंही गाद्यांच्या ढिगाला टेकून हसत सुटले. हसू आधी सरांचं थांबलं.

नवे कायम व्यवस्थापक परिमल सर पुण्याहून आले. माणूस वाईट नव्हता. त्यांच्याकडे लॅपटॉप होता आणि लॅपटॉपमध्ये बाण होते. कंधारविरुद्धच्या सामन्यात मध्यंतराला त्यांनी ते बाण मोठ्या तळमळीने समजावून सांगितले. सेंटर फॉरवर्ड वीरेश, जो एरवी शेव-चिवड्याच्या दुकानात बसतो, त्याने सगळं मन लावून ऐकलं आणि विचारलं, “सर, ह्यातला मी कोणता?” परिमल सरांनी लाल बाण दाखवला. उत्तरार्धात वीरेश लाल बाणाच्या दिशेने सरळ पळत गेला तो मैदानाबाहेर उसाच्या रसाच्या गाड्यापाशी थांबला. कंधारने तेवढ्यात गोल केला.

पुढे मैदानात बाजार भरला. परिमल सर सरावाला आले तेव्हा पेनल्टीच्या ठिकाणी एक देवणी बैल रवंथ करत बसला होता आणि मालक उठवायला तयार नव्हता. त्याच आठवड्यात त्यांना पुण्याच्या एका क्लबात सहायकाच्या सहायकाची जागा मिळाली. जाताना स्टेशनवर त्यांनी तय्यब सरांचे हात धरले. “सर, हे सगळं तुम्हीच का नाही बघत?”

“बघूनच राहिलो,” सर म्हणाले, आणि त्यांची बॅग डब्यात चढवली.

सर पुन्हा प्रभारी झाले. समितीने समाधान व्यक्त केलं की यंत्रणा सुरळीत चालू आहे.

अशात एके दुपारी दुकानासमोर गाडी थांबली आणि लातूरच्या क्लबच्या सचिव मंजुश्री उतरल्या. तेलाच्या गिरणीचा कारभार बघणारी ही बाई, बोलणं मोजकं. गादी बघायच्या निमित्ताने बसल्या आणि म्हणाल्या, “सर, आमच्याकडे या. व्यवस्थापक म्हणून. कायम.”

सरांनी हातातली सुई खाली ठेवली. “कायम म्हंजे, साहेब येईपर्यंत का?”

“कोणते साहेब?”

“कोणतेबी.”

“सर, साहेब तुम्हीच.”

सरांना पाणी प्यावं लागलं. मंजुश्रींनी गादीही विकत घेतली, घासाघीस न करता. हे लातूरचं माणूस आहे यावर हसीनाचा विश्वास बसायला वेळ लागला.

सर न सांगता गेले असते तर प्रश्न मिटला असता. पण ते निष्ठावान असल्यामुळे आधी समितीकडे गेले. आता कुणीतरी ‘थांबा’ म्हणेल, अशी त्यांना आशा होती. तसं झालं असतं तर ते अंगातल्या त्याच पांढऱ्या शर्टात मैदानावर जाऊन रेघा मारणार होते.

समिती हादरली. महादेवप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. “तय्यब, तू? लातूरला?”

भीमाशंकर सरांनी चष्मा पुसला आणि पायऱ्या मांडल्या. तय्यब सर जाऊ शकतात, हे सिद्ध झालं. म्हणजे त्यांचा भरवसा नाही. म्हणजे आता ते कायम पदासाठी पूर्ण पात्र ठरतात. परंतु ज्याचा भरवसा नाही अशा घरच्या माणसाला पद देणं योग्य दिसणार नाही. सरांनी लातूरला नाही कळवावं, निष्ठा पुन्हा सिद्ध करावी, मग समिती सहानुभूतीने विचार करील.

“आणि निष्ठा सिद्ध झाल्यावर?” सरांनी विचारलं.

“मग तर कायम करायची गरजच राहणार नाही,” भीमाशंकर सर म्हणाले. ते मनापासून सांगत होते.

सर महादेवप्पांकडे वळले. “अप्पा, मी गेलोच तर काय कराल?”

“काय करणार बाबा,” अप्पा कळवळून म्हणाले, “तुझ्या जागी प्रभारी बघावा लागंल.”

सर उठले, अप्पांच्या पाया पडले आणि बाहेर आले. इतकी वर्षं छातीवर कुणीतरी ठेवलेलं ओझं उतरल्यासारखं त्यांना वाटलं, आणि त्याचंच थोडं वाईटही वाटलं.

शेवटच्या सरावाला त्यांनी पोरांना सांगितलं. वीरेश बराच वेळ बुटाची नाडी बांधत राहिला. मग म्हणाला, “जावा सर. आमी तुमाला हरवायला येतो.”

आणि खरंच आले. आता सर रोज एसटीने लातूरला जातात, दुकान हसीना सांभाळते आणि ते आधीपेक्षा बरं चालतं, कारण ती कुणाला गाद्यांवर फुकट झोपू देत नाही. लातूरच्या मैदानावर दोन्ही संघ समोरासमोर आले तेव्हा उदगीरची अकरा पोरं आधी लातूरच्या व्यवस्थापकाला भेटून आली. मग वीरेशने डावीकडून दोघांना चकवून असा गोल मारला की तय्यब सर जागेवरून उठून टाळ्या वाजवू लागले. सगळं मैदान त्यांच्याकडे बघत होतं.

“सर,” मंजुश्री शांतपणे म्हणाल्या, “तो गोल आपल्याला झाला.”

“माफ करा ताई. ती चाल मीच बसवून दिलेली.”

“मग आपल्यांनाही द्या की बसवून.”

सर एवढंच ऐकून खाली बसले. लातूर हरलं. दुसऱ्या दिवशीही ते व्यवस्थापकच होते. ही गोष्ट त्यांनी हसीनाला दोनदा सांगितली.

उदगीरच्या समितीने विजयाबद्दल स्वतःचं अभिनंदन केलं आणि नोंद घेतली की तय्यब सरांवाचून काही अडत नाही, हे सिद्ध झालं. प्रभारीपद मात्र अजून रिकामं आहे. उमेदवार निष्ठावान हवा, एवढी एकच अट आहे. वाचता वाचता ज्यांना ‘काही म्हणा, तय्यब सरांनी उदगीर सोडायला नको होतं’ असं वाटून गेलं असेल, त्यांनी या जागेसाठी अर्ज करण्याचे कष्ट घेऊ नयेत. त्यांना थेट समितीवर घेण्यात येईल.