पुलाअलीकडचा कायदा

"अकरा महिने भरलं, सिद्धेशराव. नव्या कराराला दहा टक्के वाढ," दापोडीचे घरमालक कोंडाजी दारातूनच म्हणाले.

सिद्धेश चाकणच्या कंपनीतून पहिली शिफ्ट करून नुकताच टेकला होता. हातातला चहा तसाच राहिला. "दहा? काका, पूल ओलांडला की बोपोडी. तिथं माझ्या साडूला पाचच टक्के वाढ आहे."

"त्ये पुणं. ह्ये पिंपरी-चिंचवड. म्हापालिका येगळी, कायदा येगळा!"

हे त्यांनी इतक्या ठासून सांगितलं की सिद्धेशला पटलंच. नळपट्टी वेगळी, कचऱ्याची गाडी वेगळी, मग भाड्याचा कायदा तरी एक कसा असेल?

"मग आपणच जाऊ बोपोडीला," त्याची बायको नीला म्हणाली आणि लगेच तिनंच जीभ चावली. लेकीची, स्वप्नालीची, दहावीची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. आता घर हलवणं म्हणजे पोरीचं वर्ष पाण्यात. आणि दहा टक्के तर झेपणार नव्हते.

सिद्धेशनं कंपनीच्या बसमध्ये चौकशी केली. चिखलीचा एक जण म्हणाला, "आमच्याकडं आठ टक्क्यांचा कायदा आहे भावा." दुसरा म्हणाला, "जुन्या बिल्डिंगला वेगळा." ड्रायव्हर म्हणाला, "लिफ्ट असली तर अजून वेगळा." सिद्धेशचं डोकं गरगरायला लागलं. शेवटी तो भाडेकरार नोंदवून देणाऱ्या करिष्माकडे गेला.

ती हसायलाच लागली. "कायदा राज्याचा असतो, काका. महापालिकेचा काय संबंध? आणि अकरा महिन्यांच्या करारात तुम्ही दोघं ठरवाल तेच भाडं."

"मग आमच्या मालकांचा दहा टक्क्यांचा कायदा?"

"तो त्यांचा स्वतःचाच!"

सिद्धेशला असा राग आला की विचारता सोय नाही. त्यांनी कायदा काढला ना, मग आपणही एक कलम घालू! संध्याकाळी त्यानं कोंडाजींना गाठलं.

"तुमचं बरोबर आहे, काका. इकडं दहाच टक्के. फक्त वाढ घ्यायच्या आधी मालकानं घराला आतून रंग द्यायचा. स्वखर्चानं."

कोंडाजींचा चेहरा पडला. "आन् पुण्यात?"

"पाच टक्के, पण रंगाची सक्ती नाही."

"मग आपुन पुण्याचाच लावू की!"

सिद्धेश गालातल्या गालात हसत घरी आला. पण सकाळी दारात शिडी, बादल्या, दोन रंगारी आणि सगळ्यांच्या पुढे मालकीणबाई रुक्मिणीबाई! मागे कोंडाजी, मान खाली घालून.

"आठ दिस घर रिकामं करा, बाई," त्या नीलाला म्हणाल्या. "ह्ये म्हनत्यात, पुण्याचा कायदा लावू. ऱ्हायचं हितं आन् कायदा तिकडचा? आमच्यात असलं चालत न्हाई. रंग व्हईल, मग दहा टक्के."

स्वप्नाली भूमितीचं पुस्तक छातीशी धरून रडवेल्या तोंडानं बाहेर आली. नीलानं नवऱ्याकडे असं पाहिलं की त्याला बोलावंच लागलं.

"काकी, चुकलो. रंगाचा कायदाच नाही. मी थाप मारली."

"तरी म्हनलं!" कोंडाजींना भलताच हुरूप आला. "म्या दहा टक्क्याची मारली, तर ह्यानं रंगाची..."

ते एकदम चपापले. रुक्मिणीबाई दोघांकडे आळीपाळीनं बघत होत्या. रंगारी शिडीला टेकून मजा बघत होते.

"लाज न्हाई वाटत? पोरीची परीक्षा तोंडावर आन् ह्ये कायदं काढत बसल्यात! पाच टक्के. आन् परीक्षा व्हईस्तोवर ह्या दाराशी कुनी फिरकायचं न्हाई."

नीलाच्या डोळ्यांत पाणीच आलं. रंगाऱ्यांना इसार देऊन झाला होता, म्हणून रुक्मिणीबाई त्यांना स्वतःच्याच घराकडे घेऊन गेल्या.

दोघे आरोपी पायरीवर बसले. मग कोंडाजी इकडेतिकडे बघत जवळ सरकले.

"सिद्धेशराव, हिंजवडीला काय कायदा हाय वो? आमचा जावई तिथं भाड्यानं ऱ्हातो. मालक पंधरा टक्के म्हनतोय."

सिद्धेशनं जरा विचार केला.

"हिंजवडीला ग्रामपंचायत आहे, काका," तो हळूच म्हणाला. "तिथला कायदा साफ वेगळा."